जाड रेषा

पिराजी दुसऱ्याच्या फडात ऊस तोडीत. पिराजींचे चिरंजीव यल्लाप्पा कागलकडच्या साखर कारखान्यात बॉयलरच्या भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचा वाळला चोथा, लोटीत. यल्लाप्पांचे चिरंजीव बुद्धभूषण त्याच बॉयलरच्या पाण्याची पातळी राखीत उभे. आणि बुद्धभूषणांची कन्या प्रियदर्शनी, ती पातळी आपोआप राखणारा कंट्रोलर तयार करून, शाहूपुरीत आपल्या कॉलेजातल्या प्राध्यापिका क्रांतीबाईंच्या दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून बसली होती.

उद्या कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन होते. वाफेची मागणी एकदम वाढली की बॉयलरच्या ड्रममधले पाणी किती उसळेल आणि किती वेळात पुन्हा ठरल्या खुणेवर येईल, याचा आलेख पडद्यावर होता. क्रांतीबाईंनी होकार दिल्यावाचून प्रियदर्शनी कंट्रोलर जोडणार नव्हती. ती विद्या तिला बाईंनीच दिली होती.

बाईंच्या दृष्टीचा मध्यभाग मात्र गेल्या वर्षी विझला होता. हे त्या कोणाला सांगत नसत, आणि प्रियदर्शनीला ते कोणी सांगण्याची गरज नव्हती. तिने घरूनच तयारी करून आणली होती. पार्श्वभूमी काळी, रेषा पिवळी आणि जाड, आकडे बोराएवढे. रेषा पडदाभर दिसावी म्हणून वेळेचा अक्षही तिने मध्येच तोडला होता.

बाईंनी मान एका बाजूला तिरपी केली, मग दुसऱ्या.

"ही रेषा आहे का पन्हाळ्याचा तट?"

"जरा ठळक केलीय, बाई."

"कुणासाठी?"

प्रियदर्शनीने पडदा बाईंकडे आणखी थोडा वळवला.

"लबाड पोरगी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. "नाही दिसत मला. आणि न पाहता मी होकार देत नाही." त्यांनी उजवा तळहात पुढे केला. "इथे काढ. सावकाश. जशी आहे तशी."

प्रियदर्शनीने तर्जनी टेकवली. बोट वर चढले.

"ही खोटी उसळी. वाफ ओढली की बुडबुडे फुगतात, पाणी वाढल्यासारखं वाटतं..."

"मला शिकवू नकोस. पुढे."

बोट उतरले, खुणेच्या खाली गेले, पुन्हा वर आले आणि खुणेवरून आडवे चालू लागले. बाईंनी एकाएकी मूठ मिटली. बोट आत सापडले.

"इथे बोट हलके का झाले?"

"सॉफ्टवेअरनं इथंच ठिपका दिलाय की. पातळी स्थिरावली म्हणून. पुढं दोन टक्क्यांच्या आत बारीक थरथर आहे."

"ती विझते का?"

प्रियदर्शनीने बोट सोडवून घेतले. "बघितली होती, बाई. बारीक म्हणून सोडून दिली. मग रेषा जाड केली, तशी ती दिसायचीच बंद झाली."

"बारीक कर. अक्ष लांबव. माझी काळजी नंतर."

तिने रेषा बारीक केली, अक्ष लांबवला. थरथर विझत नव्हती. वाढतही नव्हती. अक्ष जितका लांबवावा तितकी ती पुढे चालत होती.

"म्हणजे पाण्याची झडप अखंड वर-खाली करत राहणार," बाई म्हणाल्या. "झिजणार. एक दिवस अडकणार. त्या दिवशी बॉयलरपुढे पाळी कुणाची?"

"बाबांची."

प्रियदर्शनीने कंट्रोलरचा जोर थोडा उतरवला, नवी रेषा बाईंच्या तळहातावर काढली. मूठ मिटली. आणखी उतरवला. पुन्हा मिटली. चहा आला आणि तसाच निवला. शेवटी एक रेषा खुणेकडे संथ उतरली, तिला जेमतेम शिवली आणि आडवी झाली. बोट मनगटापर्यंत गेले. मूठ उघडीच राहिली.

"फार सावकाश येते," प्रियदर्शनी म्हणाली.

"येऊ दे. शहाणी माणसे सावकाशच येतात. जोड उद्या."

प्रियदर्शनी लॅपटॉप मिटू लागली, तेव्हा बाईंनी तिला हाताने थांबवले.

"तुझ्या शेवटच्या तोंडी परीक्षेत मी विसातले एकोणीस दिले होते."

"व्हय. कारण विचारायचं धाडस झालं न्हाय, बाई."

"ठिपका दिसला की तू थांबायचीस, हे कारण. तो एक गुण तुझा माझ्याकडे राहिला होता. आज घेऊन जा."

प्रियदर्शनीने मान खाली घातली. मग तिने कारखान्यात फोन लावला.

"बाबा, उद्या जोडायचा. बाईंनी बघितला." ती थोडी थांबली. "आणि माझा राहिलेला गुण दिला त्यांनी. वीस झाले."

"विसातले?" बुद्धभूषणांनी विचारले.

"विसातले वीस."

"फोन बाईंच्याकडं दे."

तिने दिला. बाईंनी तो कानाला लावला. पलीकडून कोणी बोलत नव्हते. फोन मात्र त्यांनी बराच वेळ कानाशी धरून ठेवला.