दाराआडचा नळ

"अरे आवाज वाढव, आवाज! आपल्या नळ्याचं गाणं लागलंय!" खुर्चीत केस कापून घेणारा, शेजारच्या मोबाईलच्या दुकानाचा मालक, म्हणजे मोबाईलवाला ओरडला आणि अख्खं सलून फिदीफिदी हसलं.

रेडिओवर सकाळपासून तेच चाललेलं. आयुष्यात एकदा तरी ऐकायलाच हवीत अशी हिप-हॉप गाणी. जुनी क्लासिक, नवी गाजलेली, सगळी एकामागोमाग एक. आणि पहिल्या नंबरवर कोण? दुसरं कोण असणार! तोफ. गाणं, 'नळ'.

आता हा तोफ म्हणजे सलूनवाल्याचा सख्खा धाकटा भाऊ. आणि 'नळ' म्हणजे सलूनवाल्याची भर चौकात काढलेली अब्रू.

झालेलं असं, की दोघं भाऊ जोडीने रॅप करायचे. पहिला मोठा कार्यक्रम, समोर ही गर्दी, नाव पुकारलं आणि थोरला गायब! बाथरूमला आतून कडी. धाकटा एकटाच स्टेजवर गेला आणि एका रात्रीत तोफ झाला. वर भावावरच गाणं केलं. दादा कसा आत घामाघूम झाला, हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून कसा नळ सोडून रडला, बाहीला नाक पुसत मागच्या दाराने कसा पळाला. हिप-हॉपमध्ये एकमेकांची उणीदुणी काढतातच म्हणा. पण सख्ख्या भावाची? लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं.

तेव्हापासून सलूनवाल्याला कुणी नावाने हाक मारली असेल तर शपथ. नळ्या म्हणजे नळ्या.

"काय रे नळ्या," मोबाईलवाला आरशातून म्हणाला, "दार तर बंद होतं. मग आतलं एवढं त्याला कसं कळलं? फटीला डोळा लावून बसला होता का?"

"भाऊ आहे तो माझा," सलूनवाला म्हणाला. "मान खाली घे."

हात थांबला नव्हता. कात्री गाण्याच्या ठेक्यावरच चालत होती. फक्त दुसऱ्या कडव्यात एका जागी त्याने डोळे मिटले, ओठ आवळले आणि कात्री हवेतच राहिली.

"लागलं बिचाऱ्याला," बाकावरचा टेलर पुटपुटला.

लागायचंच. त्यात आजची सकाळ तशीच गेली होती. पोरगी शाळेचा गणवेश घालून बाथरूममध्ये शिरली ती बाहेरच येईना. त्याने दार वाजवलं.

"बाळा, उशीर होतोय."

आत नळ धो-धो चालू.

"मी नाही जाणार! मी वर्गात शिरले की सगळे तोंडाने पाण्याचा आवाज काढतात."

तो दाराला कान लावून उभा राहिला. बराच वेळ.

"बाबा, काकाला सांगा ना. बाकीची गाणी वाजू देत. हे एकच बंद कर म्हणावं."

"सांगतो."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

आणि त्याने खरंच फोन लावला होता.

रेडिओवरचं गाणं संपतंय तोच बाहेर गाडी थांबली. तोफ! गॉगल, टोपी, सगळा थाट. मोबाईलवाला अर्धी मान भादरलेली तशीच घेऊन उठला, खुर्ची पुसून मोकळा. तोफ बसला.

"दादा, बोलावलंस?"

सलूनवाल्याने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. फेस लावला. वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि भावाची हनुवटी वर केली.

"आज काही खरं नाही," टेलर कुजबुजला. मोबाईलवाल्याने हळूच कॅमेरा चालू केला.

"बाहेर व्हा सगळे," सलूनवाला मागे न बघता म्हणाला. "हो, तूही. मान नंतर करतो."

मंडळी बाहेर जाऊन काचेला नाक लावून उभी. काय बोलतायत ते कुणाला ऐकू येईना. दिसत होता तो फक्त गळ्यावरचा वस्तरा.

"पोरगी रडतेय," सलूनवाला म्हणाला. "त्या गाण्यापायी."

तोफने गॉगल काढला. डोळे लालबुंद.

"मलाही झोप लागत नाही रे दादा. तू नुसतं हो म्हण. आत्ताच्या आत्ता रेडिओवाल्यांना फोन करतो, सगळीकडून काढायला लावतो. गेलं खड्ड्यात ते गाणं. पोरगी आहे रे आपली."

वस्तरा गळ्यावरच थांबला. बाहेर टेलरने डोळे घट्ट मिटून घेतले.

सलूनवाल्याने वस्तरा पुसला, मिटला, बाजूला ठेवला.

"दुसऱ्या कडव्यात तू अजून चुकीच्या जागी श्वास घेतोस," तो म्हणाला. "मी गाणं लिहून दिलं तेव्हाच सांगितलं होतं."

"दादा, मी पोरीबद्दल बोलतोय."

"मीपण तेच बोलतोय. फोन काढ, रेकॉर्डिंग लाव." त्याने कंगवा उचलला, आरशाखालच्या फळीवर ठेका धरला आणि डोळे मिटून सुरू केलं, "बापाने सोडला नळ, लेकीनेही सोडला, घराण्याचा रिवाज पोरीने नाही मोडला..."