मेनस्विच

बाथरूमचा दिवा आपोआप विझला आणि सासरेबुवांचं तोंड उघडंच राहिलं. "दिवा कोण बंद करणार?" असं ओरडायला त्यांनी छातीभर श्वास घेतला होता. आता त्या श्वासाचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी ते नुसतेच खोकले.

घरात त्यांना पाठीमागे मेनस्विच म्हणत. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच काम अंगावर घेतलं होतं. माणूस खोलीबाहेर पडला की मागोमाग जाऊन दिवा बंद करायचा आणि वर चार शब्द सुनवायचे. कधीकधी माणूस बाहेर पडायचीही ते वाट बघत नसत. एकदा व्याही आंघोळीला गेले असताना यांनी बाहेरून बटण बंद केलं. बिचारे व्याही अंगभर साबण लावून आत हाका मारत राहिले.

बरं, हे नवे दिवे त्यांनीच पसंत केले होते. दुकानात एकेक खोकं उलटंपालटं करून, "सगळ्यात कमी वीज खाणारा द्या," म्हणत त्यांनी दुकानदाराचं डोकं पिकवलं. वैतागून त्याने सेन्सरवाला दिवा पुढे केला. "काका, हा घ्या. माणूस गेला की आपला आपण विझतो. तुम्हाला उठायलासुद्धा नको." मेनस्विच इतके खूश झाले की घरभर तेच दिवे बसवून घेतले. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

घरात बंद करायला आता काहीच उरलं नाही. मुलाला हायसं वाटलं. मेनस्विच मात्र गप्प होत गेले. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. संध्याकाळी पेपर घेऊन ते इतके निश्चल बसत, की खोलीत कुणीच नाही असं समजून दिवा विझायचा. मग अंधारात दोन्ही हात हलवून, आपण अजून आहोत, हे ते दिव्याला कळवत. सुनेला आधी हसू यायचं आणि मग फार वाईट वाटायचं.

"आई, बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं का?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सून दूध घ्यायला स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीज सताड उघडा टाकून बाहेर येऊन बसली.

मेनस्विचना खुर्चीतून तो उजेड दिसला. ते ताडकन उठले. "फ्रीज कोण लावणार? आतला दिवा जळतोय! वीज काय झाडाला लागते? मी मेल्यावरच अक्कल येणार तुम्हाला!" घर दणाणलं. मुलाने कपाळावर हात मारला. मेनस्विचनी दार धाडकन लावलं, मग ते नीट लागलंय का बघायला परत उघडलं, आणि आणखी एकदा सगळ्यांचा उद्धार केला. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती.

"चुकलं बाबा," सून मान खाली घालून म्हणाली.

सासूबाईंनी डोळे टिपले. मग सुनेच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या, "आता मागचा नळ सोडून ये."