अठरावी ओळ

शिलाई मशीन द्यायच्या आधी तिचा फाल्ट सांगायचा, हे शेषरावांनी पक्कं ठरवलं होतं. पातूरच्या बाजारात वांगी विकतानाही किडकं वांगं आधी बाजूला काढून दाखवणारा माणूस. मशीनचं काय लपवणार?

"डाव्या अंगाले जाते ही," दामिनी मशीनवर बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. "तीस वर्षं झाले. किती मिस्त्री आणले, कोणालेच फाल्ट सापडला नाही. मंग म्हणशीन, काकाजीनं सांगतलं नाही."

दामिनी हिवरखेडहून आली होती. शिवणक्लास नुकताच झाला होता आणि स्वतःची अशी ही तिची पहिलीच मशीन. तिनं दोरा ओवला, कापडाचा तुकडा दुमडून सुईखाली घेतला आणि पायांनी पायटा हलवला. टीप सुतासारखी सरळ पडली.

"सरळ त चालून राहिली."

"पातळ कपड्यावर चालते. गोधडीवर तिची आदत समजते."

त्यांनी पेटीतून अर्धवट गोधडी काढली. जुन्या लुगड्यांचे पाच थर, वर बायकोचं, वच्छलाबाईंचं, हिरवं पातळ. वच्छलाबाई चैत्रात गेल्या तेव्हा सतरा ओळी झाल्या होत्या. राहिलेल्या ओळी इथंच बसून पुऱ्या करून द्यायच्या आणि मग मशीन न्यायची, एवढी एकच अट शेषरावांनी फोनवर घातली होती.

दामिनीनं गोधडी उलगडली. सतराच्या सतरा ओळी नीट सुरू होऊन पुढे डावीकडे झुकलेल्या होत्या.

तिनं अठरावी ओळ धरली. शेषराव सवयीनं मशीनच्या डाव्या बाजूला गेले आणि तिथल्या टमाट्याच्या क्रेटवर बसून त्यांनी गोधडीचं पलीकडचं टोक हातात घेतलं. त्यांची जागाच ती. सकाळचा बाजार उरकला, जेवण झालं, की दुपारभर इथं बसून गोधडीचा भार धरायचा. ओळ वाकडी गेली की वच्छलाबाई मशीनला चापट मारायच्या. "मेली, गेली पाह्य पुन्हा डावीकडे!" शेषरावही मशीनला दोन शिव्या हासडायचे आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला निरोप धाडायचे.

वीतभर टीप पडली आणि डावीकडे वळली.

"पाह्यलं?" शेषराव म्हणाले. आपण खोटं बोललो नाही, याचाच त्यांना आनंद झाला होता.

दामिनी थांबली. ती मशीनकडे बघत नव्हती. शेषरावांच्या हातांकडे बघत होती.

"काकाजी, सोडा बरं जरा."

त्यांनी टोक सोडलं. तिनं भिंतीजवळची खाट ओढून मशीनला लावली, गोधडीचा भार तिच्यावर टाकला आणि पुन्हा पायटा हलवला. उरलेली ओळ शेवटपर्यंत सरळ गेली.

"मशीनमधी काहीच नाही," ती हसून म्हणाली. "तुमीच वढून राहिले होते तुमच्याकडं."

"मी? मी त नुसता धरतो."

"वढता न. मशीनवर बसणाऱ्याच्या हाताले लगेच समजते ते. पहिल्याच दिवशी समजते."

शेषरावांनी खाटेकडे पाहिलं.

खाट तर तेव्हाही तिथंच होती. एकदा ते म्हणालेही होते, "गोधडी खाटेवर टाक न. मी पारावर जाऊन येतो." वच्छलाबाईंनी मान वर केली नव्हती. "खाटेले हात हायेत काय? बसा गुमान." ते बसले होते. त्या दिवशी आणि नंतर कितीतरी वर्षं. आणि दर चार-सहा महिन्यांनी मशीन उघडून बसलेल्या मिस्त्रीला ही बाई काही न बोलता चहा करून द्यायची.

तिला ठाऊक होतं. पहिल्याच दिवसापासून ठाऊक होतं. शेषरावांना एकदम रडू आलं, पण परक्या पोरीसमोर ते खोकले.

"राहिलेल्या मारतो मी," दामिनी म्हणाली. "धरता काय तुमी?"

"नाही. तू मार. मी वढीन."

ते उठून बाजूला उभे राहिले. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले. दामिनीनं आठ ओळी मारल्या. एकीलाही नाव ठेवायला जागा नव्हती.

"फस्क्लास मशीन हाये, काकाजी. तुमी उगाच तिले बदनाम केलं."

"हो," शेषराव म्हणाले. "तिच्यात काहीच फाल्ट नव्हता."

ऑटोवाल्यानं आणि दामिनीनं मशीन उचलली. ऑटो वळणापलीकडे गेला तसे शेषराव आत आले. फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग होते. क्रेट जागच्या जागी होतं.

त्यांनी त्या चार डागांवर गोधडी अंथरली आणि क्रेटवर बसले. मग वाकून पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. ओळ त्यांच्याकडे आली. दुसरी आली. तिसरी आली. सतराच्या सतरा त्यांच्याकडे आल्या.

अठरावी वीतभर आली होती. तिथून पुढे ती सरळ निघून गेली होती.