जाळं कापायचं नसतं

"सही इथं करा," शवपेटीसोबत आलेला अधिकारी म्हणाला. मासेमारीला गेलेला हरेश्वर सरहद्दीपलीकडच्या तुरुंगात तापाने गेला, त्याला अडीच महिने झाले होते. तो कोणत्या देशाचा, हे दोन्हीकडच्या कागदांवर ठरेपर्यंत त्याचं प्रेत तिकडेच बर्फात होतं.

म्हाताऱ्या बापाने सही केली. "साहेब, पाण्यात सरहद्द दिसते का हो?"

"नकाशात दिसते, बाबा."

हरेश्वर पकडला गेला त्या दिवशी शेजारच्या बोटीवर असलेल्या रमाकांतला आता राहवलं नाही. "काका, त्याला ठाऊक होतं. जाळं पाण्याच्या ओढीनं हद्दीपार चाललं होतं. मी वायरलेसवर ओरडलो, जाळं काप, फिर मागं! तर म्हणाला, बाबांनी शिकवलंय, जीव गेला तरी जाळं कापायचं नसतं."

म्हातारा उठला. ओसरीवर खुंटीला हरेश्वरसाठी विणायला घेतलेलं जाळं लोंबत होतं. म्हाताऱ्याने कोयती घेतली आणि वरपासून खालपर्यंत ते कापून काढलं. मग शवपेटीजवळ बसला आणि तिच्यावर हात ठेवला.

"कापलं रे, पोरा. फिर आता मागं."