अनुपस्थितीत हळदीकुंकू

कुवेतच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात भारताच्या दालनात एकच कलाकृती होती: पांढऱ्या खोलीत अंथरलेली रिकामी सतरंजी. नाव, ‘अनुपस्थिती’. लोकांनी नावाचा मान राखला होता. उद्घाटनानंतर कोणी फिरकलं नव्हतं.

आज समितीची पाहणी होती. ज्या दालनात माणूस दिसणार नाही ते बंद होणार होतं. म्हणून दालन सांभाळणाऱ्या नेहाने शहराजवळच्या सालमिया भागात राहणाऱ्या शर्मिलाकाकूंना विनवलं होतं, “चार बायका घेऊन या. नुसतं बघत उभं राहायचं.” काकूंना संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी हॉल मिळाला नव्हता, हे त्या बोलल्या नव्हत्या.

नेहा समितीच्या अध्यक्षबाईंना घेऊन आली, तर दाराशी चपलांचा ढीग आणि सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या बायका. मधोमध तिळगुळाचा डबा.

“काकू, ही कलाकृती आहे,” नेहा कुजबुजली.

“चांगली आहे गं. जाडजूड आहे.”

अध्यक्षबाईंनी भिंतीवरचं नाव वाचलं, बायकांकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. नेहाने मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला.

“उभी कशाला ठेवता गो तिला? बसवा आधी,” रत्नागिरीच्या रबियाभाभी सरकून जागा करत म्हणाल्या.

काकूंनी अध्यक्षबाईंना हाताला धरून बसवलं, हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून चहाची गाळणी हातात ठेवली. बाईंनी उंच टाचांचे बूट काढले, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

“सकाळपासून देशच देश बघतेय,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “बसा म्हणणारा हा पहिला.” मग जरा वेळाने, “हे दालन राहू दे.”

नेहा भिंतीला टेकली आणि तशीच घसरत खाली बसली. कोणीतरी तिच्याही हातावर तिळगूळ ठेवला.

निघताना बाईंनी गाळणी उलटसुलट करून पाहिली. “हिचं काय करायचं?”

“तुमच्या घरी असेलच,” काकू म्हणाल्या. नेहा ते इंग्रजीत सांगत होती, तशा काकू पुढे म्हणाल्या, “नको असेल तर दुसरीला द्यायची. आम्हीही तेच करतो.”

संध्याकाळी दालनाला कुलूप लावून नेहा वळली. शेजारच्या देशाच्या दालनातली मुलगी दारात उभी होती. हातात तीच गाळणी.

“अध्यक्षबाई देऊन गेल्या,” ती म्हणाली. “आता मी कोणाला द्यायची?”