शेवटच्या पानापर्यंत

"माणूस दाखवा, त्याला आवडेल असं पुस्तक मी सांगतो," नीळकंठराव मराठी मंडळाच्या कोजागरीला सगळ्यांसमोर म्हणाले. हातात मसाला दुधाचा पेला होता, समोर भोपाळच्या इंद्रपुरीतली निम्मी मराठी मंडळी होती आणि मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती.

दिवाळीच्या आत तिघं गेले.

चार इमली वसाहतीतल्या एका निवृत्त साहेबांना त्यांनी भुताच्या गोष्टी दिल्या. साहेबांचं हृदय नाजूक आहे हे कुणी बोललंच नव्हतं. गणिताच्या सरांना हिमालयाचं प्रवासवर्णन दिलं, सर पायथ्याच्या गावातच राहिले. वसुधाकाकूंना विनोदी कथा दिल्या. काकू पहिल्याच कथेला हसल्या, ठसका लागला, आणि तो काही थांबला नाही. तिन्ही पुस्तकं तेराव्यानंतर परत आली, खुणेचा कागद जिथल्या तिथे.

तसं बघितलं तर यात नीळकंठरावांचा काय दोष? भोपाळात मराठी पुस्तक वाचणारे उरलेत कोण, तर म्हातारे. पोरं हिंदीत भांडतात, इंग्रजीत नोकरी करतात आणि मराठी फक्त आजीशी बोलतात. म्हाताऱ्यांतही हिंडते-फिरते असतात त्यांना बाजारहाट असतो. वाचायला सवड फक्त अंथरुणाला खिळलेल्यांना. नीळकंठराव तिथेच जाणार.

पण लोकांना कोण समजावणार? कुणी आजारी पडलं की शेजारीपाजारी हळूच विचारायला लागले, "पुस्तक आलं का?" आणि आलं म्हटलं की मुलांना गावाहून बोलावून घ्यायचे. एकाला नुसती सर्दी झाली होती. नीळकंठरावांची स्कूटर फाटकाशी थांबलेली बघून तो बूट घालून बाहेर आला, "काका, मी एकदम फिट आहे हां, देख लो," म्हणाला आणि घराभोवती धावत एक चक्कर मारून आला.

शेवटी मंडळाचा सेक्रेटरी शैलेंद्र घरी आला. चहा प्यायला, हवापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला, "काका, एकाने तरी पुस्तक पूर्ण वाचून स्वतःच्या हाताने परत करू दे. नाहीतर किल्ली द्यावी लागेल."

नीळकंठरावांनी खिशातली किल्ली चाचपली. कारखाना सुटल्यापासून त्यांच्याकडे तेवढी एकच किल्ली उरली होती. त्यांनी आशेने बायकोकडे बघितलं. सिंधूताई भाजी निवडत होत्या. त्या मानही वर न करता म्हणाल्या, "मला देऊ नका. आपल्या जुईचं लग्न व्हायचंय अजून."

त्याच आठवड्यात भोपाळातल्याच अयोध्या नगरहून मंगलावहिनींचा फोन आला.

मंगलावहिनी म्हणजे दिगंबरची बायको. दिगंबर आणि नीळकंठराव कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर होते. दिगंबर जिन्यावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. दोन वर्षं तो पलंगावर होता. त्याला उठवणं, बसवणं, पुसणं सगळं वहिनी एकट्या करायच्या. आता त्याही वाकून चालायला लागल्या होत्या.

"वहिनी, लोक काय बोलतात ते कानावर आलंय ना?" नीळकंठरावांनी आधीच विचारून घेतलं.

"आलंय. यांच्याही कानावर आलंय," वहिनी म्हणाल्या. "पण हेच मागे लागलेत, नीळकंठलाच बोलव म्हणून."

नीळकंठरावांचे डोळे भरून आले. जगात एक तरी मित्र आहे म्हणायचा.

त्यांनी कपाट पालथं घातलं आणि एक जुनी रहस्यकथा नेली. दिगंबर स्वच्छ आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वाट बघत होता. देवापाशी दिवा लावलेला. वाचनाबद्दल एवढा आदर नीळकंठरावांनी कुठे बघितला नव्हता.

"हे तसलंच ना?" दिगंबरने पुस्तक हातात घेऊन विचारलं. "बाकीच्यांना दिलंस तसलं?"

"त्याहून भारी," नीळकंठराव म्हणाले.

दोन दिवस ते फोनची रिंग वाजली की दचकत होते. तिसऱ्या दिवशी दिगंबरने पुस्तक स्वतःच्या हाताने परत केलं. खुणेचा कागद शेवटच्या पानात होता.

मग नीळकंठरावांना चेवच आला. शिकारकथा नेल्या. चंबळच्या दरोडेखोरांवरची कादंबरी नेली. एक प्रेमकथा नेली, तिचं मुखपृष्ठ बघून वहिनींनी ती उलटी ठेवली. परग्रहावरचं एक यान नेलं, ते तर दिगंबरने एका बैठकीत संपवलं. पाककृतींचं पुस्तक दिल्यावर तो वर्षभरात पहिल्यांदा अळूवडी मागून दोन वाट्या भात जेवला. गालावर रंग आला. उशीला टेकून बसायला लागला. दर खेपेला आंघोळ, धुतलेला सदरा, दिवा, आणि तोच प्रश्न, "हे नक्की ना?" नीळकंठराव दर खेपेला छातीवर हात ठेवून सांगायचे, नक्की.

शैलेंद्रने स्वतः फोन करून किल्ली ठेवून घ्यायला सांगितलं. नीळकंठराव पाव किलो पेढे आणि कपाटातली सगळ्यात जाड ऐतिहासिक कादंबरी घेऊन अयोध्या नगरला पोचले.

आज दिगंबर कालच्याच सदऱ्यात होता. छताकडे बघत पडला होता.

"आता नको आणूस," तो म्हणाला.

"का रे? आवडली नाहीत?"

"आवडली. तिथेच घात झाला." दिगंबरने स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "हिची कंबर बघवत नाही रे. ऐकलं होतं, नीळकंठचं पुस्तक आलं की माणूस सुटतो. म्हणून तर तुला बोलावलं. दर वेळी ठरवायचो, आज निघायचं. आणि मग खून कुणी केला ते कळल्याशिवाय जाववेना."

नीळकंठराव पेढ्यांचा पुडा धरून उभे राहिले.

सकाळीच डॉक्टर तपासून गेले होते. दिगंबरला आता पंधरा-वीस वर्षं काही होत नाही, असं ते सांगून गेले होते.