तिसऱ्या भागातलं हसू

"पुन्हा एकदा घेऊ," मेहुणा माइकमधून म्हणाला. काचेपलीकडच्या खोलीत नवीन बाईंनी मान डोलावली, पाण्याचा घोट घेतला आणि त्या पुन्हा हसल्या.

मेहुण्याने हेडफोन काढून दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान हलवली. नाही.

स्टुडिओ मेहुण्याचा, म्हणून तिथे सगळेच त्यांना दाजी म्हणत. हॉलिवूडच्या एका विनोदी सिनेमाचा हा तिसरा भाग होता. त्यात आपल्या भाषेतले आवाज पहिल्यापासून इथेच भरले जात. नायक जाडजूड, नळदुरुस्ती करणारा. त्याचा बारीक, चिरका आवाज दाजींचा. नायकाच्या बायकोला आवाज दाजींच्या बायकोचा. पहिले दोन भाग दोघांनी मिळून केले. तिसरा आला तेव्हा ती नव्हती. हिवाळ्यात गेली.

लोक त्या सिनेमाची गोष्ट विसरले, पण नायिकेचं हसू विसरले नाहीत. बारीक सुरू व्हायचं, वर वर चढायचं आणि मध्येच श्वास अडकून उचकीसारखं फुटायचं. चारचौघांत कोणी म्हणालं, वहिनी, ते हसून दाखवा ना, की ती म्हणायची, "फुकट हसत नाही मी." मग बाकीचेच हसायचे.

सिनेमाचं वितरण करणाऱ्या कंपनीने आता अट घातली होती. हसू तेच पाहिजे, नाहीतर पुढचं काम दुसऱ्या स्टुडिओकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेमा पाठवायचा होता. जुन्या भागांतलं हसू कापून लावून पाहिलं. पण या वेळी नायिका जहाजाच्या जिन्यावरून घरंगळत खाली येईपर्यंत हसते. ओठ जुळेनात.

"एवढं वाईट नव्हतं, दाजी," मेहुणा म्हणाला.

"वाईट नव्हतं. हसू नव्हतं."

"काय कमी पडलं ते तरी सांगा."

दाजींनी समोरच्या पडद्याकडे बोट केलं. यात हसण्यासारखं आहे काय, म्हणाले. पहिल्या भागात तो केकवर पडला. दुसऱ्यात दोन केकांवर पडला. आता केकचं दुकानच त्याच्या अंगावर पाडलंय. पहिल्या भागात त्याला बायको सोडून जाईल अशी भीती होती. म्हणून तो पडला की हसूही यायचं आणि पोटात तुटायचंही. आता बायको कुठे जात नाही, पैसा आलाय, जहाजावर फिरतोय. लिहिणाऱ्याला जिथे काही सुचलं नाही तिथे माकड आणून बसवलंय.

"तरी लोक बघतात," मेहुणा म्हणाला.

"बघतात. माणूस गेल्यावर आपण त्याच्या घरी जाऊन बसतो ना, तसे जातात."

मेहुण्याने पडद्यावरचं चित्र बंद केलं. गेलेली त्याची सख्खी बहीण होती.

नवीन बाई बाहेर आल्या. घसा बसला होता. फोन उचलायची नोकरी सोडून त्या या कामाला आल्या होत्या. हे जमलं तर इथे कायम, नाहीतर पुन्हा कानाला फोन. दोन आठवडे रोज त्या ते हसू ऐकत होत्या, घरी भांडी घासतानाही करून बघत होत्या.

"काका, काल माझा मुलगा स्वयंपाकघरात आला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, आई, का रडतेस?"

दाजींनी मान खाली घातली. मेहुण्याला हसायला आलं, पण तो हसला नाही.

"तुमची चूक नाही," तो बाईंना म्हणाला. "मला ताईचंच नवल वाटतं. घरी ती अशी कधी हसलीच नाही. लहानपणापासून ओठ मिटून हसायची. माइकसमोर तिला काय व्हायचं, कोण जाणे."

मग त्याने बाईंना ताईची पद्धत सांगितली. हसू घ्यायचं असलं की ती आवाजाच्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढायची आणि काचेवरचा पडदा ओढून घ्यायची. लोकांसमोर हसायची लाज वाटते, म्हणायची. आत फक्त ती आणि दाजी. मेहुणा इकडे यंत्र चालू करून बसायचा. हेडफोनमधून ते हसू यायचं आणि त्यालाच हसू आवरायचं नाही. पडदा उघडायचा तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी असायचं.

"तिथे तिच्याजवळ तुम्ही एकटेच होता, दाजी," मेहुणा म्हणाला. आवाज दमलेला होता, रागाचा नव्हता. "सकाळपासून तुम्ही नुसते नाही म्हणताय. तुम्हाला तिच्या जागी कोणी नकोय, ते मला कळतं. पण आज नाही झालं तर मला यांना घरी पाठवावं लागेल, आणि कंपनीला फोन करावा लागेल. ताई काय करायची तेवढं यांना दाखवा."

 दाजी गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"चल," ते बाईंना म्हणाले.

खोलीत गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि पडदा ओढला. बाई सवयीने माइकपुढे जाऊन उभ्या राहिल्या, घसा खाकरला, डोळे मिटले.

"इथे नको," दाजी म्हणाले. "तिकडे, पडद्यापाशी उभी राहा. माझ्याकडे तोंड करून."

त्यांनी माइक स्वतःच्या तोंडाच्या उंचीवर आणला. 

"तोंड वेडंवाकडं करता येतं का तुला?"

बाईंना काही कळेना. "मग हसायचं कोणी, काका?"

"हसायचो मीच," दाजी म्हणाले. "ती तिथे उभी राहून मला हसवायची."